हुरहुरीचा चेहरा

त्या राज्यात माणसे दुपारी झोपत आणि लागिरे दुपारी जेवत.

ऊनच तसे होते. सूर्य डोक्यावर आला की तळ्यातली म्हैससुद्धा कान हलवायचा कंटाळा करी, तिथे माणसांची काय कथा. भाकरी खाऊन झाली की लोक दारे सताड उघडी टाकत, चटई अंथरत आणि आडवे होत. त्या वेळेला रस्त्यावर चिटपाखरू नसे. मग लागिरे चुन्याच्या जुन्या भट्टीतून बाहेर पडत आणि एकेका घराच्या उंबऱ्याशी जाऊन उभी राहत.

लागीर म्हणजे दात विचकणारे भूत, अशी कुणाची समजूत असेल तर ती सोडून द्यावी. लागिरांना दात नव्हते, नखे नव्हती, आणि खरे सांगायचे तर चेहराही नव्हता. त्यांच्या अंगात ऊब नव्हती, एवढाच काय तो त्यांचा दोष. ऊब माणसांकडे असे आणि ती मागून घ्यावी लागे. मागण्याची रीत ठरलेली होती. उंबऱ्याबाहेर उभे राहून लागिराने झोपलेल्याला विचारायचे, ‘मी तुझी कोण लागते?’ पुरुष लागीर असेल तर त्याने विचारायचे, ‘मी तुझा कोण लागतो?’ झोपलेला माणूस खोटे बोलत नाही. ज्याची जागा त्याच्या मनात रिकामी असेल, त्याचे नाते तो सांगून टाकी. कुणी आई म्हणे, कुणी परदेशी गेलेला धनी म्हणे, कुणी भलत्याच घरची सून. नाते मिळाले की लागिराला तो चेहरा मिळे, उंबरा ओलांडता येई आणि चटईच्या कडेला टेकून जेवता येई. ‘ओळखीची’ म्हणणाऱ्याकडे ओठ ओले होण्यापुरती ऊब मिळे. ‘बायको’ म्हणणाऱ्याकडे मात्र ती मागावी लागतच नसे. तो स्वतःच ओतत राही, आणि दोन-तीन उन्हाळ्यांत रिकामा होई.

पण कुणी ‘कोणी नाही’ म्हणाले, तर सगळे तिथेच संपले. चेहरा गळून पडे, तो उंबरा त्या लागिराला कायमचा बंद होई, आणि झोपलेला माणूस जागा झाला की त्याला काही म्हणता काही आठवत नसे. उपाशी लागीर दुसरी घरे धुंडाळी. नाहीच कुठे जेवायला मिळाले तर तळ्याकाठी जाऊन बसे आणि बसल्या जागी त्याचा धोंडा होई. तळ्याकाठी असे पुष्कळ धोंडे होते. सगळे गुळगुळीत, नाक ना डोळे. बाया त्यांच्यावर धुणी आपटत.

हे माणसांना ठाऊक होते का, असे विचाराल तर होतेही आणि नव्हतेही. कुणी वाळत चालला की ते म्हणत, ऊन बाधले. वैद्य टाळूवर कांद्याचा रस चोळायला सांगे. चोळणारे चोळत. पण दुपारचे दार लावून घेतलेले एकही घर त्या राज्यात नव्हते.

लागिरांची नावे माणसांनीच ठेवलेली होती. एकाचे नाव ध्यास, एकाचे नाद, एकीचे चटक, एकीचे ओढ. माणसे ही नावे दिवसातून दहादा घेत आणि आपण कुणाला हाक मारतो आहोत हे त्यांच्या गावीही नसे.

त्यांच्यात एक होती हुरहूर. तिच्या नशिबी नावही असे आले होते की हाल कुत्रा खाईना. चटक लागते ती कशाची, हे माणसाला पक्के माहीत असते. ध्यास कुणाचा, हे तर तो झोपेत ओरडून सांगतो. हुरहूर मात्र कशाची लागली आहे हे ज्याला लागते त्यालाही धड सांगता येत नाही. त्यामुळे हिने उंबऱ्यावरून विचारले की लोक कूस बदलत आणि पुटपुटत, ‘होतीस तू कुणीतरी.’ त्यातून मिळे तो चेहराही पुसट, वाफ धरलेल्या भांड्यात दिसावा तसा. ऊब जेमतेम. तिचे पोट खपाटीला गेलेले असे आणि ती चालताना भिंतीचा आधार घेई. चटक तीन घरे जेवून, ढेकर देत भट्टीत परते आणि म्हणे, ‘अगं बाई, जरा ठणकावून विचारत जा की. तुझा तो आवाज. दारात मांजर आलंय का कोण आलंय तेच कळत नाही.’

लव्हाळ्याच्या बेटाला लागून केरबाचे घर होते. केरबा लव्हाळ्याच्या चटया विणी. सगळे राज्यच दुपारी आडवे होणारे, त्यामुळे त्याला कामाची ददात नव्हती. चाळिशीला टेकलेला, बोलायला कमी, हाताला चिवट असा हा माणूस. शेजारच्या खोपटात त्याची थोरली बहीण धुरपा राही आणि दोघांची भाकरी एकाच चुलीवर होई. हुरहूर त्या दारात गेली ती आशेने नव्हे. पुढच्या घरापर्यंत चालायचे त्राण तिच्या पायांत उरले नव्हते, म्हणून गेली.

केरबा एका भल्या रुंद चटईच्या एका कडेला झोपला होता. तिने विचारले, ‘मी तुझी कोण लागते?’

उत्तर आले नाही. बाकीचे लोक कसे पटकन बोलून मोकळे होत. हा मात्र झोपेतही विचार करत राहिला. त्याच्या कपाळाला आठी पडली, पापण्यांखाली बुबुळे हलली. कंटाळून ती पाठ फिरवणार, एवढ्यात तो अगदी स्पष्ट म्हणाला, ‘बायको.’

हुरहूर उंबरा ओलांडून आत आली. भिंतीशी पाण्याचा रांजण होता. कोणता चेहरा मिळाला हे बघायला तिने आत डोकावले. रुंद कपाळ, सावळा रंग, डावी भुवई मधेच तुटलेली, पुढचा एक दात शेजारच्या दातावर चढलेला. एरवीच्यासारखा पुसट नव्हे, स्वच्छ, ओठाखालचा तीळ दिसेल इतका. ध्यास हा लागिरांमधला सर्वांत जुना, आणि नव्यांना तोच शिकवी. त्याने सांगून ठेवले होते की मनाने रचलेली बाई नेहमी बिनखोट असते. चेहऱ्यात खोट दिसली तर समजावे, ही खरोखर होऊन गेलेली आहे, हिच्याबरोबर तो नांदला आहे. तेव्हा या चटईवाल्याची बायको मेलेली आहे हे हुरहुरीने मनाशी पक्के केले. लागिरांच्या हिशेबाने दुसरे काही संभवतच नव्हते.

‘बस की,’ केरबा झोपेतच म्हणाला आणि थोडा सरकला. ‘पाय भाजलं असतील.’

जन्मात तिला कुणी बस म्हणाले नव्हते. ती बसली. केरबाने हात लांबवून तिच्या पावलांवर ठेवला, आणि त्या हातातून जे आले त्याने तिचे पोट भरले, पाठ भरली, डोळे भरले. त्या दुपारी हुरहूर पहिल्यांदा पोटभर जेवली आणि पहिल्यांदाच, जेवण संपले तरी तिला उठावेसे वाटेना.

मग ती रोजच जाऊ लागली. चेहरा बायकोचा, म्हणून आत आल्यावर बोलणेही बायकोसारखे, अहो-जाहो करून. तो तिला दिवसभराच्या गोष्टी सांगे. बेटात खंड्याने घर केलेय. आज पात चिकट निघाली. अक्का चिडली, कारण मीठ मीच जास्त टाकले आणि नाव तिच्यावर घातले. ती ऐके, हसे, त्याच्या दंडावर डोके टेके. दोघांच्या मध्ये एक बोटभर जागा राहत नसे. त्या दुपारींचे आणखी वर्णन करण्याचे कारण नाही. ज्याच्या दारात कधी कुणी उभे राहिले आहे त्याला ते समजेल.

तो तिला ‘अगं’ म्हणे. त्या राज्यात नवरा बायकोचे नाव घेत नसे, त्यामुळे त्या मेलेल्या बाईचे नाव काय होते हे हुरहुरीला कधी कळले नाही. तिने घर धुंडाळले. एखादे लुगडे, फणी, फुटकी बांगडी, काहीतरी असेलच. काही नव्हते. याला तिची वस्तू डोळ्यांपुढे ठेवणेही सहन झाले नसेल, म्हणजे केवढा जीव असेल, असा विचार तिच्या मनात आला आणि तिचा जळफळाट झाला. ती रांजणात डोकावे आणि त्या तुटक्या भुवईकडे बघून दातओठ खाई. मेली ती मेली, वर घर अडवून बसली आहे! हात ठेवतो तो तिच्या पावलांवर, सरकतो तो तिच्यासाठी, आणि मी मधली, नुसती पोटभरू. हुरहुरीला त्या बाईचा मनापासून राग येई, आणि दुसऱ्या दिवशी दुपार होईतो तिचाच चेहरा चढवायची तिला घाई झालेली असे.

दुसरा उन्हाळा लागला तसा केरबा दिसू लागला. दिसू लागला म्हणजे त्याची हाडे दिसू लागली. गालफडे बसली. विणताना त्याचे हात थांबत आणि सकाळीसुद्धा थंडी वाजते म्हणून तो घोंगडे पांघरून बसे. धुरपाने कांदे किसून किसून हात सोलून घेतले. वैद्याने नाडी धरली आणि पुढची पेरणी हा बघणार नाही, असे तिला अंगणात नेऊन सांगितले. ते हुरहुरीने ओसरीच्या खांबाआडून ऐकले.

आपण त्याला खातो आहोत हे तिला माहीत नव्हते असे नाही. सगळीच लागिरे खात. पण माहीत असणे वेगळे आणि त्याच्या बरगड्या बोटांनी मोजता येणे वेगळे. दुसऱ्या दिवशी ती हट्टाने दुसऱ्या घरी गेली. तिथल्या माणसाने ‘मामी’ म्हणून तिला ऊब दिली, आणि ती तिच्या घशाखाली उतरेना. कुंपणाशी जाऊन ओकून टाकावी लागली. मग ती केरबाकडे एक दिवसाआड जाऊ लागली. तर तो मधल्या दुपारी दाराकडे तोंड करून तळमळे आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट ओती. कमी घेणे तिच्या हाती नव्हते, कारण देणारा तो होता.

शेवटी ती भट्टीत ध्यासापाशी गेली. ध्यास देखणा होता. सात बायकांनी सात परींनी ज्याला आठवले त्याच्या अंगावर त्या सातही जणींची आठवण थोडी थोडी राहून गेली होती.

‘आबा, तो मरतोय,’ ती म्हणाली.

‘मरतातच, पोरी.’

‘हा मरायला नको.’

ध्यासाने तिच्याकडे नीट पाहिले. ‘असं आहे होय,’ तो म्हणाला. ‘एकीच्या बाबतीत मीही शहाणपणा केला होता. जपून, दोन-दोन दिवस सोडून जायचो. ती खाल्ल्यानं मेली नाही, वाट बघून मेली. तेव्हा ते अर्धवट काही करू नकोस. त्याच्या तोंडून दोन शब्द काढ. कोणी नाही. सकाळचं घोंगडं सुटेल त्याचं.’

‘आणि विसरेल मला.’

‘तुला कसला विसरतोय? तुझी त्याला ओळखच कुठं आहे? तो बायकोला ओळखतो.’

हे हुरहुरीला लागले. खरे होते म्हणूनच लागले.

‘आणि मी काय करू, आबा? मला दुसरीकडचं पचत नाही.’

‘चार दिवस पचणार नाही. मग पचेल. भुकेपुढं भल्याभल्यांचं चालत नाही.’

त्या दिवसापासून हुरहुरीची एकच धडपड सुरू झाली: ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्या तोंडून, तू माझी कोणी नाहीस, असे वदवून घ्यायचे. चेहरा चढवून, चटईवर बसून ती त्याला टोचून बोलू लागली. तुमच्या चटया उसवतात. तुमच्या अंगाला चिखलाचा वास येतो. मला या घरात काय मिळाले? केरबा झोपेत हसला. ‘भांडतीस म्हंजे बायकोच लागतीस,’ तो म्हणाला आणि आणखी ओतले. तिने रांजण लवंडला. तो म्हणाला, ‘ऱ्हाऊ दे, पाय भिजव त्यात.’ तिने त्याच्या हाताला कडकडून चावायचे ठरवले आणि आपल्याला दात आहेत ते त्यानेच दिलेले, हे आठवून ती रडायला लागली.

मग तिने अहो-जाहो सोडले.

‘केरबा, नीट ऐक. मी तुझी बायको नाही. मी लागीर आहे. हुरहूर माझं नाव. दोन उन्हाळे तुला खाल्लंय मी.’

‘ठावं हाय,’ केरबा म्हणाला.

बाहेर उन्हात पाचोळा करकरत होता.

‘ठाऊक आहे तर हाकलून का देत नाहीस?’

‘का द्यावं?’

झोपलेल्याला जे विचारावे तेवढ्याचेच तो उत्तर देतो. आपण होऊन काही उलगडून सांगत नाही. आणि हुरहुरीच्या मनात ती मेलेली बाई काट्यासारखी रुतून बसली होती, म्हणून तिने विचारले ते तिच्याविषयीच विचारले.

‘इतकी आवडते ती तुला?’

‘लई.’

‘कधीपासून?’

‘दारात आली तवापास्नं. उन्हानं पार कावलेली. भिताड धरून हुबी.’

नवी नवरी मापाशी उभी राहिली ती उन्हातून चालून आलेली असणारच, असे हुरहुरीला वाटले. तिच्या डोळ्यांपुढे ती वरात उभी राहिली, आणि आपण कुणाच्या लग्नात उष्टे शोधत हिंडतो आहोत, अशी तिला स्वतःची शिसारी आली.

‘तिच्यासाठी मरशील?’

‘मरतोयच की,’ तो शांतपणे म्हणाला.

तेव्हा ती त्याच्या छातीवर कपाळ आपटून रडली. रडण्यात राग किती आणि माया किती हे तिलाही सांगता आले नसते. मग डोळे पुसून तिने शेवटचा डाव टाकला. ‘तिचा जीव असेल ना तुझ्यावर, तर तिला तू जगायला हवा आहेस. उद्या मी दारात येऊन विचारीन. कोणी नाही, म्हणायचं. तुला तिच्या गळ्याची शपथ आहे.’

केरबाचा चेहरा पिळवटला. गळ्याची शपथ त्या राज्यात झोपेतही मोडता येत नसे. मोडली तर जिची घातली ती मरते, असा तिथला समज होता.

‘शपथ घालू नगंस,’ तो म्हणाला. ‘हात जोडतो.’

‘घातली,’ ती म्हणाली आणि ऊब न घेता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ऊन असे होते की तळ्याचे पाणी पांढरे दिसत होते. हुरहूर उंबऱ्याबाहेर उभी राहिली. केरबा पाठीवर झोपला होता. शेजारची अर्धी चटई मोकळी होती. तिने विचारले, आणि आपला आवाज नेहमीपेक्षा मोठा आला याचे तिलाच नवल वाटले. ‘मी तुझी कोण लागते?’

त्याच्या बंद डोळ्यांतून पाणी येऊन कानांत गेले. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. ‘बा’ एवढे एक अक्षर निघाले, तसा त्याने स्वतःच हात उचलून तोंडावर दाबला. मग हात काढून तो म्हणाला, ‘कोणी न्हाई.’

झाले. उंबऱ्यावर जणू भिंत उभी राहिली. हुरहुरीला ओसरीच्या पायरीवरून खाली उतरताही येईना, म्हणून ती कुडाला टेकून तशीच बसली.

ऊन कलले तसा केरबा उठला, आळस दिला आणि शेजारी हाक मारली, ‘अक्का, भाकरी हाय का गं?’ धुरपा धावत आली. त्याने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर ताक मागितले. घोंगडे त्याने पायाने दूर सारले. धुरपाने पदर तोंडाला लावला आणि ती हुंदके देऊ लागली. आणि कुडाबाहेर बसलेली हुरहूर, जिच्या पोटात आगडोंब उसळला होता, ती हसली. तो जगणार होता.

तिन्हीसांजेला वैद्य आला. नाडी बघून तो चकित झाला आणि श्रेय कांद्याला देऊन मोकळा झाला. जाता जाता अंगणात त्याने धुरपाला विचारले, ‘झोपेत बायकोशी बोलतो म्हणाली होतीस ना? तिचं जाणंच मनाला लावून घेतलं असणार. कधी गेली म्हणायची ती?’

‘गेली कुठली,’ धुरपा म्हणाली, ‘आलीच न्हवती.’

‘म्हणजे?’

‘लगीनच न्हाई झालं त्याचं. नावच काढू देत न्हवता. रुंद चटई इणून ठेवली आपली. म्हटलं, बाबा, कुणासाठी? तर म्हणतो, ठावं न्हाई अक्का, अजून यायची हाय.’

वैद्य हसत निघून गेला. हुरहूर हसली नाही. मेलेली बाई कुणी नव्हतीच. मापाशी उभी राहिलेली नवरी नव्हती, वरात नव्हती. उन्हाने कावून, भिंत धरून जी दारात उभी होती, आणि जिच्याविषयी तो म्हणाला लई, जिच्यापायी तो मरत होता, जिच्या गळ्याची शपथ तिने त्याला घातली होती, ती एकच होती. तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला, तरी आवाज बाहेर आलाच. जाग्या माणसांना तो ऐकू आला नाही.

ती तळ्याकडे धावली. ‘कोणी नाही’ ऐकलेल्या लागिराला पाण्यात नुसते आभाळ दिसते, हे तिला माहीत होते. तरी ती वाकली. पाण्यात रुंद कपाळ होते. डावी भुवई मधेच तुटलेली होती. दातावर चढलेला दात, ओठाखालचा तीळ, सगळे जसेच्या तसे होते. गळून पडायला तो चेहरा कुणाचा उसना नव्हता. पहिल्या दुपारी केरबाने फार वेळ विचार केला तो दारात कोण उभे आहे ते पाहायला, आणि जे दिसले तेवढेच त्याने तिला दिले होते. ज्या चेहऱ्याचा तिने दोन उन्हाळे दुस्वास केला तो तिचा होता.

दुसऱ्या दुपारी ती पुन्हा त्याच्या दाराशी गेली. तिने हाका मारल्या, उंबऱ्यावर डोके आपटले. झोपलेल्या केरबाची पापणीही लवली नाही. तिसऱ्या दिवशी तो सकाळीच चटईकडे बघत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ‘येवढी रुंद कशाला इणली म्या, काय कळंना,’ तो म्हणाला. त्याने कोयत्याने चटई मधोमध कापली आणि अर्धी बहिणीला नेऊन दिली. हुरहूर ते बघत होती. त्यानंतर ती त्या घराकडे गेली नाही.

चटक तिला शोधत तळ्याकाठी आली. तिला खरेच वाईट वाटले होते. ‘चल माझ्याबरोबर,’ ती म्हणाली. ‘पाटलाचा थोरला नुकताच विधुर झालाय. उंबऱ्यावर उभी राहिलीस तरी बायको म्हणेल. पचेल तुला, मी सांगते ना. पहिले दोन घास जड जातात.’

‘तिच्यासारखी दिसेन मी?’ हुरहुरीने विचारले.

‘मग? कुणाचा तरी चेहरा लागतोच की.’

‘आणि हा जाईल.’

चटकेने तिच्याकडे निरखून पाहिले. तिला त्या चेहऱ्यात विशेष काही दिसले नाही. ‘अगं, भुवई तुटलीय त्याची,’ ती समजुतीने म्हणाली.

‘हो,’ हुरहूर म्हणाली, ‘ती तुटलेलीच आहे.’

चटक बराच वेळ बसली, मग जेवणवेळ झाली म्हणून उठून गेली. हुरहूर पाण्यावर वाकून राहिली. थंडी आधी पावलांत चढली, मग गुडघ्यांत. तिला जगायचे होते. शेवटच्या दिवशीही, कमरेपर्यंत गारठा आला असताना, दुपारी दारे उघडल्याचे आवाज आले तसे तिचे हात आपोआप जमिनीला टेकले आणि तिने उठायची धडपड केली. पण उठायचे तर पाण्यावरची नजर काढावी लागली असती, आणि ते तिच्याच्याने झाले नाही.

लव्हाळे पिकले तेव्हा केरबा कापणीला आला. अंग भरले होते, मान जाड झाली होती. कोयता बोथट वाटला म्हणून त्याने काठच्या धोंड्यांवर नजर टाकली. बाकीचे धोंडे गुळगुळीत, धार लावायला निरुपयोगी. एक तेवढा खरखरीत होता. त्याने पाणी शिंपडले आणि पाते टेकवले, तोच त्याला दगडात नाक दिसले, कपाळ दिसले. असा धोंडा त्या काठावर कधी नव्हता. तो उकिडवा बसून बघत राहिला. त्याला काही आठवले नाही. मग त्याने दगड उचलून फिरवला, चेहरा पाण्याकडे केला आणि पाठीमागच्या बाजूला कोयता घासला.

त्या दगडावर धार अशी येई की पुढे तो दुसऱ्या कशाला हात लावेना. दर हंगामाला तो येई, चेहऱ्यावरचे शेवाळ अंगठ्याने पुसून काढी आणि पाठीमागून घासत बसे, कधी गरजेपेक्षा जास्तच. आठव्या हंगामाला दगड मागून इतका झिजला होता की उन्हाकडे धरला तर कपाळातून पलीकडचा उजेड दिसे. केरबाने बोटांच्या चिमटीत त्याची जाडी अजमावली, पात्यावर ओंजळभर पाणी टाकले, आणि अगदी हलक्या हाताने कोयता पुन्हा एकदा फिरवला.